परत आलेला हिरा

मी हिरा बोलतोय. माझं नाव काढलं की लोकांना राजवाडे, मुकुट आणि चोर आठवतात. मला आठवतो सुरतेच्या वराछा रोडवरचा एक दुसरा मजला, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांचा ढीग आणि दिवसभर चालणारी घरघर. जन्माने मी हट्टी आहे. सगळ्यात कठीण म्हणून माझी ख्याती, आणि ती मी नीट सांभाळून आहे. पण सुरतेत मला माझ्यापेक्षा हट्टी एक बाई भेटली. ही खरं तर तिचीच गोष्ट. मी आपला तोंडी लावायला.

माझा जन्म बोत्स्वानाच्या भुईत, फार खोल. घडताना माझ्या पोटात एक गाठ राहून गेली. लाकडात असते ना, करवत आली की अडवणारी, तशीच. वरून दिसत नाही, पण घासणाऱ्याला ती लगेच कळते. गाठ असलेला दगड सरळ वागत नाही. मीही नाही वागलो.

खाणीतून निघालो तेव्हा मी मळकट, तेलकट, तुरटीच्या खड्यासारखा दिसत होतो. तिथून हिऱ्यांच्या बाजारपेठेत, अँटवर्पला पोचलो. तिथे यांकेल नावाच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याने मला चिमट्यात धरलं, एक डोळा मिटला आणि दुसऱ्या डोळ्याला भिंग लावलं. हिऱ्याच्या धंद्यात माझ्याकडे दोन्ही डोळे उघडे ठेवून कोणी बघत नाही. पहिल्या पहिल्यांदा मला तो अपमान वाटे, मग सवय झाली.

यांकेलकडून मला सेवंतीभाईंनी विकत घेतलं. सेवंतीभाई पालनपूरचे जैन, कांदा-लसूण वर्ज्य, आवाज कधी चढायचा नाही. पिढ्यान् पिढ्या बाहेरून कच्चा माल आणायचा आणि तयार करून बाहेर पाठवायचा, हाच घरचा धंदा. यांकेलने त्यांना एक अट घातली. ‘‘हा लॉट नमुन्याचा. तुमच्या सुरतेत घासून आणा. पसंत पडला तर मीच विकत घेईन, आणि पुढे वर्षभर कच्चा माल तुम्हालाच देईन. नाही पडला, तर घासून देणारे मला पुष्कळ कारखाने आहेत.’’

त्या लॉटमध्ये मी सगळ्यात मोठा. बाकीचे माझ्यापुढे वऱ्हाडातली पोरं. म्हणजे लॉट पास होणार की नापास, हे माझ्यावर होतं.

मग मी सीलबंद डब्यात बसून हिंदुस्तानात आलो. सोबत दाखला होता, की हा दगड विकून कुठल्या बंडखोरांनी बंदुका घेतलेल्या नाहीत. माणसांनाही असा दाखला मागत असतील तर बरं. या देशात आता हिरे फारसे निघत नाहीत, पण जगाचे हिरे घासले जातात ते इथेच. आमच्यासारखे पाहुणे कळकट कपड्यांनी येतात आणि न्हाऊन-माखून बाहेर जातात. ज्यांनी आम्हाला न्हाऊ घातलं, त्यांच्या अंगावर मी एकदाही हिरा पाहिला नाही.

सेवंतीभाईंनी लॉट दिला जीवराजभाईंना. अमरेलीकडचा हा पटेल, पोट पुढे, तोंडात तंबाखूचा मावा, बोलणं सतत कोणावर तरी ओरडल्यासारखं आणि मन लोण्याचं. मंदीने त्यांच्या कारखान्याचं कंबरडं मोडलं होतं. निम्म्या घंट्यांवर कापड टाकून ठेवलेलं. घंटी म्हणजे देवळातली नव्हे. मधोमध लोखंडी तबकडी गरगर फिरते, भोवती चौघं बसतात आणि तबकडीवर हिरे घासतात, त्या टेबलाला सुरतेत घंटी म्हणतात. दिवाळीला सगळे कारागीर गावी जातात आणि लाभपाचमीला परत येतात, तेव्हा मुहूर्तावर शटर उघडतं. गेल्या वर्षी शेजारच्या दोन कारखान्यांची शटरं लाभपाचमीला उघडलीच नाहीत. कारागीर बॅगा घेऊन दाराशी आले आणि कुलूप बघून गेले.

‘‘या वर्षी आपल्यावर ती पाळी यायची नसेल,’’ जीवराजभाई सगळ्यांना म्हणाले, ‘‘तर यांकेलचा माल मिळालाच पाहिजे. काय?’’

‘‘मिळाला समजा, शेठ,’’ असं जी म्हणाली, ती रळियातबेन.

रळियात गारियाधारच्या बाजूची. नवऱ्याला हात उचलायची सवय होती. एक दिवस तिने डोक्यावरची घागर विहिरीपाशीच ठेवली आणि एसटी पकडून थोरल्या भावाकडे, वशरामकडे, सुरतेला आली. वशराम याच कारखान्यात घासायचा. त्याने तिला आपल्याच घंटीवर बसवलं, बोट धरून काम शिकवलं. वशराम मनाचा वाईट नाही, पण लोकांच्या बोलण्याला फार भितो. दर दिवाळीला सासरकडून निरोप यायचा, ‘झालं गेलं विसरू, पाठवून द्या.’ आणि दर दिवाळीला वशराम घाबरत घाबरत सांगायचा, ‘‘कमावतेय, राहू द्या.’’

‘‘हे बघ रळियात,’’ तो तिला माझ्यासमोरच म्हणाला होता, ‘‘तू कमावतेस तोवर मी सगळ्यांची तोंडं धरीन. घंटी बंद पडली, मग माझ्याच्याने नाही व्हायचं. गावी माझी मान वर होत नाही.’’

‘‘मग घंटी बंद पडू देऊ नकोस,’’ ती म्हणाली आणि तबकडीवर वाकली.

तिचं नाव होतं वजन राखण्यात. हिरा घासताना त्याचा बराच भाग धूळ होऊन जातो. जो कारागीर कमीत कमी वाया घालवील तो हुशार, असं बाजारात मानतात. आणि एक कॅरेटची रेघ म्हणजे तर लक्ष्मणरेषाच. कॅरेटच्या केसभर वर असलात तर तुमचा रुबाब वेगळा, केसभर खाली गेलात की कोणी हिंग लावून विचारत नाही.

जीवराजभाई तिच्या मागे येऊन उभे राहिले. ‘‘रळियातबेन, कॅरेट राखायचा. ऐकलं ना? बाकी काही झालं तरी कॅरेट राखायचा.’’

तिने राखला. माझा तळ खोलच ठेवला, कमरेचा कंदोरा, म्हणजे आपला करदोटा हो, जाड ठेवला. गाठीच्या वाटेला तर ती गेलीच नाही, वळसा घालून निघाली. शेवटी मला काट्यावर ठेवलं. कॅरेट आणि वर चार सेंट, म्हणजे कॅरेटचे चार शतांश! वशरामने शीळ घातली. जीवराजभाईंनी गाठिया आणि जिलेबी मागवली. सेवंतीभाई आले, त्यांनी आधी काटा पाहिला, मग मला, आणि हात जोडले. रळियात जिलेबी खाता खाता अशी हसत होती, की मलाही वाटलं, आपण काहीतरी मोठे झालो.

एका गोष्टीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. माझं पोट सुटलं होतं. वरून उजेड आत यायचा आणि खालून निसटून जायचा. माझ्या मधोमध एक काळा डाग पडला होता, विहिरीत वाकून पाहिल्यावर दिसतो तसा अंधार. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण ज्या बाजारात सगळे मोतीच तोलतात तिथे नाकाकडे कोण बघणार?

यांकेलने पाहिलं. त्याने मला चिमट्यात घेतलं, खिडकीकडे वळवलं आणि परत कागदावर टाकलं. फोनवर तो सेवंतीभाईंना म्हणाला, ‘‘पोटातली चरबी मला नको, ती तुमच्याकडेच असू द्या. पुढचा कच्चा माल मी तुमच्या दिवाळीनंतर वाटणार आहे. तोवर याचं काही करता आलं तर दाखवा. नाही तर राम राम.’’

आणि मी परत निघालो. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी नाचक्की नाही. जाताना तयार माल म्हणून वाजतगाजत पाठवतात. परत येणाऱ्याकडे मात्र कस्टमवालेही संशयाने बघतात. गेला तोच हा दगड की दुसराच कोणी घुसवलाय, हे त्यांना पटवून द्यावं लागतं. एका साहेबाने मला भिंगाखाली धरलं, कागदावरचं वजन वाचलं, पुन्हा मला पाहिलं. ‘‘हाच का तो?’’ त्याने विचारलं. सेवंतीभाईंचा माणूस म्हणाला, ‘‘हो साहेब, हाच.’’ त्याने ते इतक्या पडेल आवाजात सांगितलं, की मला दुसरा कोणी असतो तर बरं झालं असतं असं वाटून गेलं.

कारखान्यात पुडी उघडली तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. वराछाच्या रस्त्यावर सौराष्ट्राकडे जाणाऱ्या बसगाड्या रांगेने उभ्या, टपावर बोचकी, पेट्या, एकावर तर पोराची तीनचाकी सायकल. सेवंतीभाईंनी यांकेलचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. मग जीवराजभाईंनी मावा खिडकीबाहेर थुंकला.

‘‘महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात नेऊन विकून टाकू,’’ ते म्हणाले. ‘‘काही झालं तरी कॅरेट आहे. चार जणांची दिवाळी होईल.’’

‘‘आणि लाभपाचमीला?’’ रळियातने विचारलं.

‘‘लाभपाचमीला काय, मी माझ्या गावी शेंगा काढीन. तूही जा घरी.’’

‘‘कोणतं घर, शेठ?’’

वशरामने मान खाली घातली. त्याच्या बायकोने बसची तिकिटं काढून ठेवली होती, रळियातचंही काढलं होतं, हे मला पुढे त्यांच्या बोलण्यातून कळलं. या खेपेला सासरी ‘येते’ असा निरोपही गेला होता.

‘‘मी याला पुन्हा घासते,’’ रळियात म्हणाली.

‘‘वेडी की काय!’’ वशराम उसळला. ‘‘पुन्हा घासलास तर कॅरेटखाली जाईल. एकदा उतरला की परत चढत नाही. हिरा आहे तो, भाकरीचं पीठ नाही, आणखी मूठभर घालायला.’’

‘‘जाऊ दे खाली.’’

‘‘आणि गाठ? तळ उतरवायचा म्हणजे गाठीतून जावं लागेल. फुटला तर महिधरपुऱ्यात विकायलाही उरणार नाही.’’

‘‘भाई, वजन मी राखलं. माझंच कौतुक करून तुम्ही सगळ्यांनी जिलेबी खाल्लीत. आता मीच ते उतरवते. फुटला तर मी तुझ्याबरोबर बसमध्ये बसते, एक अक्षर बोलणार नाही. सासरच्या दारात नेऊन सोड.’’

सगळे सेवंतीभाईंकडे बघू लागले. सेवंतीभाईंनी मला बराच वेळ निरखलं, मग पुडी जीवराजभाईंच्या हातात दिली. ‘‘माल माझा, कारखाना तुमचा. तुम्ही म्हणाल तसं.’’

जीवराजभाईंनी भिंतीवरच्या खोडियार मातेला हात जोडले. ‘‘घास,’’ ते म्हणाले आणि दुसरा मावा मळायला लागले.

सकाळच्या उजेडात तिने मला पकडीत बसवलं. माझं म्हणाल, तर मी सहजासहजी ऐकणाऱ्यातला नव्हतो. गाठीपर्यंत मी गुमान राहिलो. गाठ लागली आणि मी किंचाळलो. तबकडीवर चरा उठला, ठिणगी उडाली, मी तापून लाल झालो. तिने मला उचललं, फुंकर घातली, थोडं वळवलं, पुन्हा टेकवलं. मी पुन्हा किंचाळलो. तिने पुन्हा वळवलं. गाठीत दगडाची नस, लाकडाला असते तशी रेषा, कुठल्या बाजूने वाहते हे तिलाही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. ती चुकत होती, शिव्या खात होती, बहुतेक स्वतःच्याच, आणि पुन्हा वळवत होती. दुपारपर्यंत मी तिची एक तबकडी खाल्ली. तिने दुसरी बसवायला लावली.

दुसऱ्या तबकडीवर मी तिच्या हातातून उडालो.

हिरा उडाला की कारखान्यात काय होतं ते पाहण्यासारखं असतं. ‘‘उडाला!’’ एवढं कोणी ओरडलं, की सगळ्या घंट्या थांबतात, पंखे बंद होतात, दार लागतं. कोणी पाऊल उचलायचं नाही, कूस बदलायची नाही. मग बायका पदर झाडतात, पुरुष खिसे उलटे करतात, केस विंचरून पांढऱ्या कागदावर झटकतात, जमीन कुंच्याने इंच इंच झाडतात. मी काही सापडेना.

जीवराजभाई मात्र या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत ओरडत होते, ‘‘हलू नका! कोणी हलू नका म्हणतो ना! वशराम, पाय ठेव जागेवर! अरे, डोळे आहेत की बटणं?’’

शेवटी रळियातच म्हणाली, ‘‘शेठ, सगळे थांबलेत. हलताय ते तुम्ही एकटेच. जरा पँट झाडा.’’

जीवराजभाईंनी वाकून पँटची दुमड उलगडली. मी तिथेच होतो, आरामात. अख्ख्या कारखान्यात त्यांनी मला मिरवत फिरवलं होतं. एवढ्या चिंतेतही सगळे असे खदाखदा हसले, की वशरामला खोकला आला. जीवराजभाई लाजून म्हणाले, ‘‘मालकाच्याच पायाशी आला की नाही? शुभशकुन आहे.’’

रळियातने मला पुन्हा पकडीत बसवलं. ती पाणी प्यायली आणि तिने मला तबकडीवर टेकवलं. आता मी तुम्हाला खरं सांगतो. कोट्यवधी वर्षं जमिनीच्या दाबाला मी दाद दिली नाही, पण त्या दिवशी मला वाटलं, ही बाई थांबणार नाही. मी फुटून जाईन तरी किंवा सुटा होईन तरी. आणि मला फुटायचं नव्हतं. एका वळणावर नस सापडली. किंचाळणं थांबलं, साधी घरघर सुरू झाली. वशरामने आपलं काम सोडून तिकडे कान लावला. गाठीची धूळ होत होती.

काट्यावर ठेवलं तेव्हा मी कॅरेटच्या खाली होतो. थोडाथोडका नाही, चांगलाच. जीवराजभाई आकड्याकडे बघून मटकन खुर्चीत बसले. मग वशरामने मला चिमट्यात धरून खिडकीशी नेलं आणि एक डोळा मिटला.

‘‘रळियात,’’ तो म्हणाला, ‘‘हा जागा झाला गं.’’

काळा डाग गेला होता. उजेड वरून येत होता आणि वरच परत जात होता, सगळाच्या सगळा. एकामागून एक सगळ्यांनी मला पाहिलं. रळियातने शेवटी पाहिलं, आणि तिने दुसरा डोळा मिटला नाही. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. या धंद्यात तसं पाहणारी मला भेटलेली ती एकटीच.

दुसऱ्या दिवशी शटर ओढलं गेलं. वशराम बायको-पोरांना घेऊन बसमध्ये बसला. रळियात बसली नाही. ‘‘तुझ्या सासरच्यांना काय सांगू?’’ त्याने खिडकीतून विचारलं. ‘‘सांग, कारखान्याची लाभपाचमी झाली की बघू,’’ ती म्हणाली. वशरामने डोक्याला हात लावला. ‘‘आणि शटर नाही उघडलं तर न्यायला मी येईन हं, रळियात. मला यावं लागेल.’’ ‘‘ये,’’ ती म्हणाली, ‘‘पण बॅग घेऊन ये, घासायला बसायची.’’ हे सगळं मी सेवंतीभाईंच्या खिशातल्या पुडीतून ऐकलं. ते तिला दिवाळीची मिठाई द्यायला आले होते आणि तिथूनच विमानतळावर निघाले होते. या खेपेला त्यांनी मला पार्सलने पाठवलं नाही, स्वतः अँटवर्पला घेऊन आले.

आज सकाळी यांकेलने मला पुन्हा कागदावर ठेवलं. काटा समोर असूनही त्याने आधी खिडकीकडे वळवलं. भिंग लावून त्याने मला सगळ्या बाजूंनी फिरवलं. सेवंतीभाईंनी डोळे मिटून घेतले होते, बहुतेक नवकार मंत्र म्हणत असावेत. ‘‘माझ्या आठवणीतला दगड जास्त वजनाचा होता,’’ यांकेल म्हणाला. ‘‘होता,’’ सेवंतीभाई म्हणाले. ‘‘कोणाची छाती झाली हो, कॅरेट सोडायची?’’ ‘‘आहे एक बेन.’’ म्हाताऱ्याने हात पुढे केला. ‘‘मझाल,’’ तो म्हणाला. सौदा पक्का झाला की इथे ज्यू असो, पालनपुरी असो, सगळे हाच एक शब्द म्हणतात, आणि मग तो कोणी फिरवत नाही. सेवंतीभाईंनी डोळे पुसले आणि म्हणाले, ‘‘मझाल.’’

मग यांकेलने तिजोरीतून कच्च्या मालाची पिशवी काढली आणि सुरतेला पाठवायला टेबलावर ओतली. त्यातला एक मळकट दगड घरंगळत माझ्या अंगाला येऊन टेकला. तो मला वरून खालून न्याहाळत होता. कुठे नेताहेत, असं विचारावंसं वाटत असणार. मी त्याला म्हणालो, बाबा रे, तू लाभपाचमीच्या आत पोचशील. वराछाच्या दुसऱ्या मजल्यावर एक बाई शटर उघडायची वाट बघत बसली आहे. मला आता दागिनेवाल्याकडे नेतील, तिथून कोणाच्या तरी हातात, मग कुठे ते मला माहीत नाही. तू तिच्या तबकडीवर गेलास की तुझ्या घरघरीतून तिला एवढं कळू दे. तो गाठीचा हिरा विकला गेला म्हणावं. तो आता परत येणार नाही.